अकरा ग्रुप आणि एक जुनं ड्रॉइंग

टीमचं काम मोबाइल-संगणकावर कसं सांभाळायचं, या विषयावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. वाळूजपासून अंबाजोगाईपर्यंतची पत्रं आली. ज्या पत्रांतल्या अडचणी आणखी पुष्कळांच्या असतील असं वाटलं, ती इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आखूड केली आहेत आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, वाळूज एमआयडीसीत आमचं सीएनसी-व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट काढून देण्याचं, जॉबवर्क आहे. दोन शिफ्ट, चाळीसेक माणसं. कामाचे अकरा व्हॉट्सॲप ग्रुप झालेत. प्रॉडक्शन, क्वालिटी, डिस्पॅच, मेंटेनन्स आणि प्रत्येक मोठ्या पार्टीचा, म्हणजे ग्राहक कंपनीचा, वेगळा. तरी मागच्या महिन्यात एका पार्टची अख्खी लॉट जुन्या ड्रॉइंगवर निघाली आणि रिजेक्ट झाली. नवं ड्रॉइंग ग्रुपवर टाकलेलं होतं, पण रात्रपाळीच्या सेटरने, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणाऱ्याने, पाहिलंच नाही. तो म्हणतो, खाली साठ मेसेज येऊन पडले होते. पैसे भरून एखादं चांगलं सॉफ्टवेअर घ्यावं का? — लघुउद्योजक, वाळूज

उत्तर : सॉफ्टवेअरचा विचार दोन महिने बाजूला ठेवा. आणि त्या सेटरवर राग धरला असेल तर तोही सोडा. रात्री दहाला मशीनसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने साठ मेसेज वर सरकवून त्यातून ड्रॉइंग शोधावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर टाकलेली सूचना कोणा एकाला दिलेली नसते. टाकणाऱ्याला वाटतं काम झालं आणि वाचणाऱ्याला वाटतं ते दुसऱ्या कोणासाठी असेल.

वाळूजच्या प्लॅनिंग विभागांत मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : बोलणं आणि काम एकाच ठिकाणी ठेवलं की बोलण्याखाली काम बुडतं. मेसेज पुढे सरकत राहतो, ते त्याच्या स्वभावातच आहे. काम मात्र पुरं होईपर्यंत डोळ्यांसमोर एका जागी उभं राहायला हवं. तुमच्याकडे अशी एकही जागा नाही, म्हणून ग्रुप अकरा झाले.

थोडा हिशेब करून पाहा. पाच जबाबदार माणसं असतील तर दोघा-दोघांच्या १० जोड्या होतात. दोन्ही शिफ्टचे मिळून बारा जण धरले तर जोड्या होतात ६६. माणसं अडीच पटही वाढली नाहीत, पण एकमेकांना सांगत बसण्याचे रस्ते साडेसहा पट झाले. त्यामुळे 'सगळ्यांनी सगळ्यांना कळवत जा' असं बजावून काही होणार नाही. बाराही जणांनी एकाच जागी पाहायचं, एवढाच मार्ग उरतो.

आधी ड्रॉइंगचा बंदोबस्त करा, कारण पैसा तिथे गेला आहे. गूगल ड्राइव्हवर कंपनीच्या खात्यात 'चालू ड्रॉइंग' नावाचा एक फोल्डर करा. एका पार्टची तिथे एकच पीडीएफ. नवी रिव्हिजन आली की वेगळी फाइल टाकायची नाही. जुन्या फाइलवर 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन नवी आवृत्ती चढवायची. असं केलं की फाइलची लिंक तीच राहते, उघडणाऱ्याला मात्र नवं ड्रॉइंग दिसतं. त्या लिंकचा क्यूआर कोड काढून जॉब कार्डवर छापा. सेटरने मशीनजवळच्या टॅबवर तो स्कॅन केला की आजचंच ड्रॉइंग उघडेल, शोधाशोध नाही. ड्राइव्ह जुनी आवृत्ती साधारण ३० दिवसच ठेवतो, म्हणून ती उतरवून 'रद्द' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर फक्त क्वालिटीला दिसू द्या.

यात दोन पथ्यं आहेत. फाइल चढवण्याचा अधिकार क्वालिटीच्या एका माणसाला आणि तो रजेवर असेल तेव्हा आणखी एकाला, बाकी सगळ्यांना नुसतं पाहता येईल. दुसरं, लिंक 'कोणालाही उघडेल' अशी ठेवू नका. ड्रॉइंग पार्टीचं आहे, तुमचं नाही. टॅब कंपनीच्या खात्याने लॉगिन करून ठेवा, म्हणजे बाहेरच्याने कोड स्कॅन केला तरी काही उघडणार नाही.

तरीही कागदी प्रिंट मशीनपाशी सापडतीलच. कोणाच्या ड्रॉवरमध्ये, कोणाच्या टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवलेल्या. एका रविवारी सगळ्या गोळा करा. आणि जॉब कार्डवर रिव्हिजनचं अक्षर छापा. फर्स्ट पीस पास करताना कार्डवरचं अक्षर आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं अक्षर जुळतं का, हे पाहून इन्स्पेक्टरने सही करायची. लॉट वाचवणारी सही ती.

आता कामाची जागा. वाळूजच्या माणसाला कानबान, म्हणजे कार्डांवरून काम पुढे सरकवायची पद्धत, समजावून सांगायची गरज नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे उभा राहिला आणि त्याच्याभोवती व्हेंडरांचं जाळं वाढलं, तेव्हापासून ट्रेमधली कार्डं इथल्या लोकांच्या हातातली आहेत. टोयोटात ताइइची ओनो यांनी ती पद्धत बसवली ती एवढ्याचसाठी, की पुढच्या टप्प्याला हवं तेवढंच मागच्याने काढावं आणि अडलेलं काम लगेच नजरेत यावं. २०११ साली आलेलं ट्रेलो किंवा त्यासारखी बाकीची साधनं म्हणजे पडद्यावर मांडलेला तोच फळा. तुमच्यासाठी रकाने असे : ऑर्डर आली, मटेरियल आलं, मशीनवर, इन्स्पेक्शन, डिस्पॅच. प्रत्येक कार्डावर एकाच माणसाचं नाव आणि एकच तारीख. 'प्रॉडक्शन टीम' हे नाव चालणार नाही. 'मशीनवर'च्या रकान्यात जेवढी मशीन तेवढीच कार्डं. जास्त झाली तर समजा की कोणीतरी चालू जॉब अर्धा उतरवून दुसरा चढवला आहे.

पहिले पंधरा दिवस हे सगळं शॉपमधल्या पांढऱ्या बोर्डवरच करा. रकाने चुकले असतील तर पुसता येतात आणि ऑपरेटरही जाता-येता सुचवतात. बसलं की पडद्यावर न्या. कार्डं पडद्यावर गेल्यावर मालकाला पुण्याच्या पार्टीसमोर बसूनही कळतं की माल कुठे अडला आहे. पडद्याचा खरा फायदा हाच.

ग्रुप तीनच ठेवा. एक सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहील. तशी सेटिंग व्हॉट्सॲपमध्ये आहे आणि महत्त्वाचा मेसेज ३० दिवसांपर्यंत वर पिन करून ठेवता येतो. दुसरा मशीन बंद पडलं तर कळवायचा. तिसरा गुड मॉर्निंगचा, वाढदिवसांचा, गणपतीच्या वर्गणीचा. तो बंद करू नका. माणसं बारा-बारा वर्षं एकत्र काम करतात, त्यांना एकमेकांशी बोलायला जागा हवीच.

आणि शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही सुपरवायझर बोर्डसमोर उभे राहिलेच पाहिजेत. ही दहा मिनिटं कोणतंही ॲप वाचवत नाही. ती वाचवायचा प्रयत्न करणाऱ्या कंपन्यांत रात्रीचा माल सकाळी पुन्हा तपासताना मी पाहिलेला आहे.

प्रश्न : ताई, औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी व्यवस्थापक आहे. हंगामात गावोगावच्या केंद्रांवर सोयाबीन घेतो. केंद्रावरची मुलं वजन, मॉइश्चर, शेतकऱ्याचं नाव असं सगळं व्हॉइस मेसेजने पाठवतात. रात्री जेवण झाल्यावर मी ते ऐकत वहीत उतरवते, मग एक्सेलमध्ये भरते. बारा-साडेबारा वाजतात. गूगल शीट करून दिली तर कुणी भरत नाही. संचालक मंडळातले काका म्हणतात, तू करतेस ना व्यवस्थित, मग अडलंय कुठं? — व्यवस्थापक, औसा

उत्तर : अडलंय तुमच्या झोपेपाशी, आणि मंडळाने ते ऐकायला हवं. पण काकांना ते पटेल अशा भाषेत सांगायचं तर असं सांगा : 'मला दोन दिवस ताप आला तर शेतकऱ्यांचं पेमेंट दोन दिवस थांबेल. अख्ख्या कंपनीचा हिशेब एका बाईच्या कानावर आणि वहीवर उभा आहे.' हे कौतुकाचं नाही, जोखमीचं आहे. मंडळाला जोखमीची भाषा कळते.

मुलं शीट का भरत नाहीत, तेही त्यांच्या जागी उभं राहून पाहा. समोर ट्रॅक्टरची रांग, हमाल कट्टे उतरवतायत, हाताला धूळ, मोबाइलच्या पडद्यावर ऊन. त्यात शीटचे बारीक बारीक चौकोन. बोटाने एक दाबायला जावं तर शेजारचा उघडतो. मीही तिथे व्हॉइस मेसेजच पाठवला असता. मोबाइलवर शीट वाचायला ठीक आहे, भरायला नाही.

भरायला गूगल फॉर्म द्या. भरलेलं सगळं आपोआप शीटमध्ये जाऊन बसतं, वेळेसकट. फक्त सहा प्रश्न : केंद्र, सभासद क्रमांक, पावती क्रमांक, कट्टे, निव्वळ वजन, मॉइश्चर. सातवा घालायचा मोह होईल, तो आवरा. केंद्राचं नाव टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. नाही तर 'लामजना' तीन जण तीन प्रकारे लिहितील आणि शीट त्याची तीन गावं समजेल. शेतकऱ्याचं नाव विचारूच नका, सभासद क्रमांकावरून ते शीटमध्ये येतं. मॉइश्चरला ५ ते ३० अशी मर्यादा घाला, म्हणजे ११.५ च्या जागी ११५ पडणार नाही. आकडे इंग्रजी अंकांतच भरायला सांगा, बेरजेचा घोळ टळतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याचा नेहमीचा निकष १२ टक्क्यांचा आहे. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने तो १५ टक्क्यांपर्यंत सैल केला होता. त्या-त्या वर्षी जो असेल तो शीटमध्ये एका चौकोनात लिहा आणि त्याच्या वरचा प्रत्येक आकडा लाल होईल अशी अट लावून ठेवा. मग कोणता ढीग वाळवायला लागणार हे रात्री नाही, दुपारीच दिसेल.

फॉर्मला नेट लागतं, नेटशिवाय तो जात नाही. तुमच्याकडे काही केंद्रांवर रेंज येते-जाते हे मला माहीत आहे. म्हणून पावतीपुस्तक चालूच राहील. काट्यावर आधी पावती फाडायची. फॉर्म दुपारी जेवणाच्या वेळी आणि संध्याकाळी, रेंज असेल तिथे बसून, पावत्या समोर ठेवून भरायचा. पावतीपुस्तक काढून टाका म्हणून कोणी सल्ला दिला तर ऐकू नका. वाद झाला तर शेतकरी पावतीच दाखवणार आहे.

रोज संध्याकाळी केंद्रप्रमुखाने ग्रुपवर एकच ओळ टाकायची : 'पावत्या ६४, फॉर्म ६४.' आकडे जुळले नाहीत तर त्याच रात्री त्यालाच फोन. व्हॉइस मेसेज बंद करू नका. काटा अडकला, बारदाना संपला, कोणी भांडतंय, हे बोलूनच कळवायचं असतं.

एक गोष्ट मात्र आजपासून थांबवा. पेमेंटसाठी म्हणून शेतकऱ्यांच्या पासबुकाचे आणि आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर टाकले जात असतील, तर ते तीस-चाळीस मोबाइलमध्ये कायमचे जाऊन बसतात. हंगामापुरता ठेवलेला मुलगा काम सोडून गेला तरी त्याच्या गॅलरीत ते राहतात. लोकांच्या माहितीची जबाबदारी आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती गोळा करणाऱ्यावर टाकलेली आहे. कायदा नसता तरी आपल्या सभासदाचं खातं आपणच सांभाळायला हवं. कागद केंद्रावर तपासा, नोंद ऑफिसात एकाच ठिकाणी ठेवा.

मंडळासाठी शीटचं एक वेगळं पान करा : केंद्रवार कट्टे, क्विंटल, देणं किती, दिलं किती. त्याची नुसती पाहण्यापुरती लिंक द्या. संध्याकाळी सात ते नऊ काकांचे जे फोन येतात ते कमी होतील. आणि फॉर्म भरणाऱ्या मुलांच्या मानधनात त्या कामाचे पैसे धरा, हे मंडळाकडून लेखी घ्या. नवं साधन आलं की त्याचं काम फुकटात कोणाच्या तरी गळ्यात पडतं. आधी तुमच्या पडलं होतं, आता त्या मुलांच्या पडायला नको.

प्रश्न : आमचं मुख्य कार्यालय पुण्याला. ते ऐन येळवशीला रिव्ह्यू मीटिंग लावतात. शाखेत कोणी नसतं, मग मॅनेजर म्हणून मीच ऐकून घेतो. काय करावं? — शाखाधिकारी, लातूर

उत्तर : पुण्याला वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस, माहीत नसते, त्यात त्यांचा दोष नाही. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवच्या पेठा ओस पडतात, अख्खं गाव शेतात भज्जी-आंबील खायला जातं, हे तिथे बसून कसं कळणार? तारीख पंचांगाप्रमाणे दरवर्षी हलते, छापील सुट्यांच्या यादीत ती असेलच असं नाही. म्हणून जानेवारीतच वर्षाचं पंचांग घेऊन बसा. येळवस, पोळा, १७ सप्टेंबरचं मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, तुमच्या गावची जत्रा, असे आठ-दहा दिवस कंपनीच्या सामायिक कॅलेंडरमध्ये 'लातूर शाखा उपलब्ध नाही' म्हणून दिवसभरासाठी टाका. मीटिंग लावणाऱ्याला तारीख निवडतानाच ते दिसतं. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. आणि जमलं तर एखाद्या येळवशीला साहेबांना शेतात जेवायला बोलवा.

प्रश्न : जालन्यात आमची बियाणे कंपनी आहे. फिल्डवरच्या माणसांसाठी लोकेशन दाखवणारं ॲप घेतलं. आता कोणी मोबाइल घरी ठेवून जातो, कोणी बॅटरी संपली सांगतो. ऑफिसातल्या मुलांच्या संगणकाचे दर पाच मिनिटांनी फोटो घेणारं सॉफ्टवेअरही एकाने दाखवलं. घ्यावं का? खरं काम कोण करतं हे मला कळायला नको का? — संचालक, जालना

उत्तर : कळायला हवं. पण या दोन्ही वस्तूंनी ते कळणार नाही, म्हणून घेऊ नका असं मी स्पष्ट सांगते.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. कपाशीच्या संकरित बियाण्याच्या प्लॉटवर मादी झाडाच्या कळ्यांतले पुंकेसर दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत काढतात आणि परागीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. चांगला फिल्ड ऑफिसर त्या वेळी प्लॉटवर असतो आणि भर दुपारी एक ते तीन लिंबाखाली बसलेला असतो. तुमचं ॲप दुपारचा ठिपका हलला नाही म्हणून त्याला कामचुकार ठरवील. आणि जो दिवसभर मोटारसायकलवरून बांधाबांधाने फिरला पण एकाही प्लॉटमध्ये शिरला नाही, त्याचा नकाशा मात्र रेषांनी भरलेला दिसेल.

विचारायचं ते प्लॉटबद्दल विचारा. प्रत्येक भेटीला एक छोटी नोंद : प्लॉट क्रमांक, फुलोऱ्याची अवस्था, भेसळीची झाडं काढली का, शेजारच्या पिकापासूनचं अंतर बरोबर आहे का, शेतकऱ्याची काही तक्रार, आणि दोन फोटो. प्लॉटनिहाय या नोंदी एका शीटमध्ये आल्या की हंगामाच्या शेवटी ज्याच्या प्लॉटचं बियाणं उगवणीत आणि शुद्धतेत पास झालं त्याचं काम दिसतंच. भेटीच्या नोंदीपुरतं, नोंद करताना, ठिकाण घेतलं तर कोणी नाराज होत नाही. चोवीस तास घेतलं तर माणूस मोबाइल घरी ठेवतो, आणि मग गरजेच्या वेळी त्याला फोनही लागत नाही. तुमच्याकडे आज हेच चाललंय.

पडद्याचे फोटो घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तर मला फार वाईट वाटतं. त्यात बँकेचं पान, बायकोचा मेसेज, दवाखान्याचा रिपोर्ट, सगळं पकडलं जातं. नोकरीच्या कारणासाठी माहिती घ्यायला कायदा मालकाला थोडी मुभा देतो. मुभा आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ आहेत. तयार झालेला माणूस तुमच्याकडून उठून पलीकडच्या गल्लीत जाईल. जे काही नोंदवणार असाल ते कागदावर लिहा, सगळ्यांना वाचून दाखवा, आणि तीच नोंद स्वतःच्या बाबतीतही ठेवा.

प्रश्न : मी संस्थेत कार्यालय अधीक्षक आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली. आता सगळी रजिस्टरं ऑनलाइन शीटमध्ये आली. माझ्या हातून काही पुसलं गेलं तर, या धास्तीने मी ती उघडतच नाही. पोरं हसतात. — अंबाजोगाई

उत्तर : सर, पोरांना हसू द्या. आवक-जावक, सेवापुस्तक, रजा, डेडस्टॉक यांतला कोणता रकाना कशासाठी असतो आणि लेखापरीक्षक नेमका कुठे बोट ठेवतो, हे त्यांना ठाऊक नाही. तुम्हाला आहे. तुम्ही दूर राहिलात तर शीटमध्ये महत्त्वाचे रकाने राहून जातील आणि दोन वर्षांनी ते सांगायला कोणी नसेल.

धास्तीचं म्हणाल तर गूगल शीटमध्ये प्रत्येक बदल कोणी, कधी केला ते 'व्हर्जन हिस्ट्री'त राहतं आणि कालची शीट जशीच्या तशी परत आणता येते. एखाद्या मुलाला शेजारी बसवून एक रिकामी शीट उघडा, त्यात काहीबाही भरा, सगळं पुसून टाका आणि मग परत आणा. दोनदा केलंत की हात मोकळा होईल. ज्या रकान्यांत सूत्रं आहेत तिथे कुलूप लावायला त्यांना सांगा. 'प्रोटेक्ट रेंज' म्हणतात त्याला, मग ज्यांना मुभा दिलेली नाही त्यांच्या हातून तिथे काही बिघडत नाही. टायपिंग जड जात असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी भाषा घेऊन माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. बऱ्यापैकी बरोबर उतरतं, आडनावं मात्र तपासून घ्या.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, नांदेडला घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते. मायक्रोसॉफ्ट टीम्सवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला की साहेब लगेच विचारतात, 'आहेस ना?' दिवसात पाच-सहा मीटिंग. खरं कोडिंग रात्रीच होतं. रात्री अकरालाही मेसेज येतात. काम मात्र मी वेळेत देते, म्हणून बोलायला तोंड नाही. — नांदेड

उत्तर : काम वेळेत देतेस म्हणूनच तर बोलायला तोंड आहे.

तुझं शेवटचं वाक्य वाचून मला एक प्रयोग आठवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ साली तो प्रसिद्ध केला. मध्ये मध्ये अडवलं जाणाऱ्या माणसांनी काम उलट लवकर उरकलं आणि दर्जाही घसरला नाही. पण त्यांचा ताण, वैताग आणि घाई स्पष्ट वाढलेली होती. म्हणजे तुझ्या साहेबांना पलीकडून सगळं सुरळीतच दिसतं. किंमत तुझ्या बाजूला पडते आणि ती त्यांच्या पडद्यावर कुठेच उमटत नाही. ती तू सांगितल्याशिवाय त्यांना कळायची नाही.

रात्रीच्या मेसेजबद्दल आपल्याकडे कायदा नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. खासगी विधेयकं सहसा कायद्यापर्यंत पोचत नाहीत, तेही पोचलं नाही. तेव्हा जे ठरवायचं ते तुमच्या टीमनेच ठरवायचं.

भांडणाच्या सुरात नको, प्रस्ताव घेऊन जा. सकाळच्या मीटिंगऐवजी प्रत्येकाने दहापर्यंत चॅनेलवर तीन ओळी लिहायच्या : काल काय संपलं, आज काय करणार, कुठे अडलंय. अडलेल्यांनीच मग बोलायचं, बाकीच्यांनी नाही. तुमच्या पाच-सहा मीटिंगमधल्या निदान दोन याने जातील असा माझा अंदाज आहे. दुसरं, अकरा ते एक कॅलेंडरवर अडवून ठेव आणि त्या वेळी स्थिती 'डू नॉट डिस्टर्ब' कर. ठिपका लाल दिसेल, पण का लाल आहे तेही दिसेल. तिसरं, कोणत्या वाटेने आलेल्या निरोपाला किती वेळात उत्तर, हे एकदा लिहून टाका : आग लागली असेल तर फोन, मेसेजला तीन तास, मेलला दुसरा दिवस. आणि साहेबांना रात्रीच सुचत असेल तर त्यांनी रात्रीच लिहावं, फक्त मेसेज सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवावा. टीम्समध्ये ती सोय आहे.

वाटल्यास असं लिही : 'सर, मागच्या दोन आठवड्यांत माझे दिवसाचे किती तास मीटिंगमध्ये गेले आणि कोडिंग किती वाजता झालं, याची नोंद सोबत जोडली आहे. सकाळी अकरा ते एक सलग मिळाले तर हेच काम संध्याकाळी सातपर्यंत होईल असं वाटतं. दोन आठवडे करून पाहूया का?' त्याआधी ती नोंद खरोखर ठेव. कोरी तक्रार टाळता येते, तारीख-वार लिहिलेला कागद टाळणं अवघड असतं. मुदतही दोनच आठवड्यांची माग. कायमच्या बदलाला नाही म्हणणारे साहेब करून बघायला सहसा हो म्हणतात.